रेस वाढते, गाडी हलत नाही

मागच्या अंकात बऱ्याच जणांनी केरळ आणि राजस्थानच्या सहलींबद्दल लिहिलं होतं. मी जरा थंड ठिकाणी नेतो. थंड म्हणजे उणे अठ्ठावीस.

मॉन्ट्रियलहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर वालकूर नावाचं छोटं गाव आहे. क्यूबेक प्रांतातली बाकीची गावं असतात तसंच, मधोमध चर्च आणि भोवती शेतं. पण स्नोमोबाईल हे वाहन जगाला मिळालं ते या गावामुळे. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म १९०७ सालचा, याच गावातला. पंधराव्या वर्षी, म्हणजे १९२२ मध्ये, या मुलाने फोर्डच्या जुन्या मोटारीचं इंजिन एका घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातून चालवून दाखवली. वडिलांनी ती मोडून टाकायला लावली. फिरता उघडा पंखा आणि बघायला जमलेली माणसं, वडिलांचं काय चुकलं? १९२६ मध्ये त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. ते लाकडी गॅरेज आज तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलंय.

मी मूळ इंदूरचा, गेली नऊ वर्षं मॉन्ट्रियलला असतो. यंदा जानेवारीत माझा भाचा आला होता, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला नायगारा बघायचा होता, मी त्याला वालकूरला नेलं. तो थोडा हिरमुसला होता, पण गॅरेजमध्ये शिरल्यावर तास दीड तास बाहेर यायला तयार नव्हता.

संग्रहालयात कळणारी एक गोष्ट मात्र इंजिनाची नाही. त्या काळी क्यूबेकच्या खेड्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढत नसत. मोटारी नोव्हेंबरात ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या त्या एप्रिलपर्यंत. मग घोड्याची घसरगाडी, नाहीतर पायी. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिएंच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, अपेंडिक्सचा त्रास झाला. हॉस्पिटल गाठायला रस्ता नव्हता. मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते, त्यामुळे 'मुलगा गेला म्हणून शोध लागला' असं सरळ म्हणता येणार नाही. पण त्यानंतर या माणसाने दुसरं काही मनात आणलं नाही असं दिसतं. चाकावरून फिरणारा पट्टा त्याने बसवला, १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बंद गाडी तयार झाली. ती घेतली कोणी? डॉक्टरांनी, टपालवाल्यांनी, शाळेत मुलं पोचवणाऱ्यांनी.

१९४८ मध्ये प्रांताने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढायचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची मागणी ओसरली. मग एका-दोघांपुरती हलकी गाडी आली १९५९ मध्ये, स्की-डू. कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून तिचं नाव 'स्की-डॉग' ठरलं होतं आणि छपाईत 'जी'चा 'ओ' झाला, अशी गोष्ट सगळे सांगतात. पहिल्या गाड्यांतली एक उत्तर ओंटारिओतल्या एका मिशनरी पाद्रीबाबांकडे गेली होती, दूरच्या वस्त्यांवर जाण्यासाठी.

भाचा गाडीखाली वाकून बघत होता. म्हणाला, "मामा, यात गिअर कुठायत?"

"नाहीत."

"मग?"

"तुझ्या आजोबांना विचार."

हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. बाबा पीथमपूरला फिटर होते. इंदूरच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, इंदूरपासून जवळच असलेली ही औद्योगिक वसाहत. १९८० च्या दशकात तिथे कायनेटिक होंडा स्कूटर बनायला लागली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत, क्लचचा लिव्हर नाही. आमच्या चाळीत पहिली आली तेव्हा बायका ती शिकायला रांग लावून होत्या. तिच्या बाजूच्या पत्र्याआड जी यंत्रणा होती तिला सगळे व्हेरिओमॅटिक म्हणायचे. त्या नावाचं मूळ हॉलंडमध्ये आहे. डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी बेल्टवर चालणारी छोटी मोटार दाखवली, तिच्या यंत्रणेचं ते नाव. (ती मोटार जितक्या वेगाने पुढे जायची तितक्याच वेगाने मागेही जायची. हॉलंडमध्ये पुढे उलट्या मोटारींच्या शर्यती भरवल्या गेल्या, यावरून डच लोकांबद्दल माझं मत फार चांगलं झालंय.)

स्नोमोबाईलमध्येही तीच कल्पना आहे, फक्त ताकद कितीतरी पट. दोन पुल्या, मध्ये एक बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन बशा समजा, एक जागेवर पक्की, दुसरी सरकणारी. पुढची पुली इंजिनाच्या शाफ्टवर. तिच्यात वजनं असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, बशा जवळ आणतात आणि बेल्ट त्यांच्यात दाबला जाऊन वर वर चढतो. मागची पुली याच्या उलट. सुरुवातीला स्प्रिंगच्या जोराने मिटलेली, बेल्ट तिच्या काठावर, मोठ्या वर्तुळात. पुढची बेल्ट ओढायला लागली की हिला उघडावं लागतं. सायकलला पुढे छोटं चक्र, मागे मोठं घेतलं की चढ सोपा जातो ना, तसं. इथे मात्र पायऱ्या नाहीत, सगळं सलग. शिवाय मागच्या पुलीत एक तिरपी खाच असते. चढ आला, बर्फ खोल लागला की त्या खाचेमुळे पुली पुन्हा मिटते आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते.

थोडक्यात, ती गाडी, तिच्यावरची दोन माणसं आणि सामान, सगळं एका रबरी बेल्टच्या दोन कडांच्या पकडीवर चाललेलं असतं. पकड सुटली की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग आणखी घसरतो.

वालकूरनंतर आम्ही उत्तरेला निघालो. क्यूबेक शहर ओलांडलं की जंगलातून दोनशेएक किलोमीटरचा रस्ता, आणि मग सागने नदीचं खोरं आणि शिकूतिमी शहर. तिथून पुढे मों-वालें नावाची डोंगररांग आहे. उंची हजार मीटरच्या आतच, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे काही नाही, पण बर्फ असा पडतो की स्प्रूसची झाडं पूर्ण झाकली जाऊन पांढरी भुतं उभी असल्यासारखी दिसतात. एका खोऱ्याचं नावच भुतांची दरी आहे. क्यूबेकभर स्नोमोबाईलसाठी आखलेल्या वाटा आहेत, हजारो किलोमीटरच्या. त्यांना नंबर असतात, पाट्या असतात, चौकात थांबायच्या खुणा असतात. स्थानिक क्लबांचे लोक रात्री यंत्र फिरवून त्या सपाट करतात. वाटेत मध्ये मध्ये 'रिले' लागतात, म्हणजे पेट्रोल, सूप आणि पेटती शेगडी.

आम्ही पाच जण होतो. मी आणि भाचा एका गाडीवर, माझा ऑफिसातला मित्र आणि त्याची बायको दुसऱ्या गाडीवर आणि आमचे वाटाडे तिसऱ्या गाडीवर. वाटाडे पासष्टीच्या आसपासचे, बोलणं कमी, इंग्रजी त्याहून कमी. गाड्या भाड्याच्या. दुकानातल्या मुलाने मित्राच्या गाडीवर थाप मारून सांगितलं, "हिचा बेल्ट काल तुटला होता. आज कोरा टाकलाय." अगदी अभिमानाने सांगितलं त्याने.

वाटाड्यांनी निघायच्या आधी एक विचित्र गोष्ट केली. प्रत्येक गाडीचं मागचं टोक दोन्ही हातांनी उचललं आणि धाडकन खाली सोडलं. दोनदा, तीनदा. भाच्याला वाटलं रागावलेत. तर ते ट्रॅक मोकळा करत होते. रात्री ओला झालेला ट्रॅक गाडीखाली गोठून जमिनीला चिकटतो. तशात रेस दिली तर पुढची पुली फिरते, बेल्ट जागचा हलत नाही आणि एकाच ठिकाणी घासून दोन सेकंदांत कमरेसारखा बारीक होतो. तो बेल्ट पुढे गाडीला प्रत्येक फेऱ्याला ठोका देतो, ठक, ठक, ठक, आणि एक दिवस तिथेच तुटतो. त्यांनी कप्प्यातून एक जुना बेल्ट काढून भाच्याच्या हातात दिला. बारीक झालेली जागा बोटांना कळत होती.

त्या दिवशी सकाळ काय सुंदर होती! निळं आकाश, वारा नाही, आणि हेल्मेटची काच गरम होणारी असल्याने धुकं धरत नव्हती. बोटं हँडलच्या गरम मुठींवर. भाचा मागून ओरडून काहीतरी गात होता, ते बरं की ऐकू येत नव्हतं. दुपारी एका गोठलेल्या तळ्याच्या काठाने गेलो. तळ्यावरून नाही, खुणा केलेल्या वाटेबाहेर तळ्यावर जायचं नाही, हा नियम वाटाड्यांनी बोट दाखवून तीनदा सांगितला होता. बर्फाची जाडी वरून कळत नाही.

मुक्कामाचा रिले तीसेक किलोमीटर उरला होता, साडेतीन झाले होते. त्या भागात जानेवारीच्या शेवटी साडेचारला सूर्य जातो. एका चढावर मित्राची गाडी मागे पडली. आवाज मोठा, वेग नाही. मंडळी, आपल्याकडे मेकॅनिकला आपण सांगतो ना, 'रेस वाढते, गाडी हलत नाही', अगदी तेच. आणि जळक्या रबराचा वास.

आता कल्पना करा. तीस किलोमीटर म्हणजे शहरात अर्धा तास. इथे कमरेइतका बर्फ, उणे बावीस आणि उतरता पारा, फोनला रेंज नाही. एका गाडीने दुसरीला ओढता येतं, पण दोन माणसं आणि एक गाडी ओढत चढ चढायचा म्हणजे ओढणाऱ्या गाडीचाही बेल्ट तापणार. मित्राच्या गाडीच्या कप्प्यात एक जादा बेल्ट होता. मित्राने तो लगेच बाहेर काढला. पाच मिनिटांचं काम, बदलू आणि निघू.

वाटाड्यांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि परत कप्प्यात ठेवला. मित्राशी फ्रेंचमध्ये जे बोलले त्याचा अर्थ मला एवढा लागला: काल एक बेल्ट गेला, आज दुसरा घसरतोय. तिसराही तसाच गेला तर इथे झोपायचं का?

पुढची चाळीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्यांनी आधी किल्ली काढली, चालकाच्या अंगाला बांधलेली सुरक्षेची दोरी सोडवली, इंजिन पूर्ण बंद. डावीकडचा पत्रा उघडला. त्याच्या झरोक्यांत भुसभुशीत बर्फ गच्च भरला होता, तो हाताने काढला. (या झरोक्यांतून हवा आत जाऊन पुल्या थंड राहतात. बर्फाने बुजले की आत भट्टी.) मग हातमोजा काढून हात पुल्यांजवळ नेला. पुढची कोमट. मागची अशी की त्यांनी हात झटकला. म्हणजे घसरण मागच्या पुलीवर होत होती. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, हे तर डॉक्टरसारखं चाललंय."

मग बेल्ट काढला. कडा चकाकत होत्या, पण कुठे बारीक झालेला नाही. आतले दाते सगळे शाबूत. कडेचे धागे सुटलेले नाहीत, म्हणजे दोन पुल्या एका रेषेत नसण्याचा प्रश्न नाही. तसं असतं तर एकच कड खाल्ली गेली असती. तेल-ग्रीसचा डाग नाही. त्यांनी कप्प्यातला कोरा बेल्ट आणि हा, दोन्ही शेजारी धरून रुंदी ताडून पाहिली. सारखी. झिजलेला बेल्ट अरुंद होतो, पुलीत खोल बसतो आणि सैल पडतो, म्हणून प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत किमान रुंदी दिलेली असते. पण हा झिजलेलाच नव्हता.

तरीही, काढायच्या आधी भाच्याने एक पाहिलं होतं. "मामा, बेल्ट मागच्या पुलीत आत गेलेला होता. काठाच्या खाली. उभ्या गाडीत तो काठाबरोबर पाहिजे ना? आजोबांच्या स्कूटरचा असायचा." मी फ्रेंचमध्ये कसंबसं सांगितलं. वाटाडे थांबले. भाच्याकडे पाहिलं. मग त्याला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या डोक्यावरचा दिवा काढून त्याच्या डोक्याला बांधला.

बेल्ट पूर्ण रुंदीचा आहे आणि तरी खोल बसतोय. याचा एकच अर्थ, पुली पुरती मिटत नाही. मागच्या पुलीच्या दोन बशांच्या मध्ये, अगदी बुडाशी, शाफ्टभोवती काळ्या दोऱ्याचं वेटोळं होतं. कालच्या तुटलेल्या बेल्टचे तंतू. बेल्टमध्ये ताकदीसाठी अरामिड धाग्याचे दोर असतात, बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या जातीचे. बेल्ट फुटला की ते मिळेल तिथे गुंडाळले जातात. दुकानात कोरा बेल्ट टाकला, पण जुन्याचा कचरा कोणी काढलाच नव्हता. दोन-तीन मिलिमीटरचा अडथळा, तेवढ्याने बेल्टवरचा दाब कमी झाला. सपाट वाटेवर ते लक्षात आलं नाही, चढावर उघडं पडलं.

ते वेटोळं काढायला वाटाड्यांची बोटं जाड होती. भाच्याने हातमोजा काढला, निमुळती पक्कड घेतली. मिनिटभर काम, मिनिटभर हात काखेत. असं सात-आठ वेळा. मी त्याच्या आईला काय सांगणार आहे याचा विचार करत उभा होतो. शेवटी मुठीएवढा गुंता हातात आला आणि पुलीची सरकती बशी टक्क आवाज करून मिटली. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

पुढचं काम झटपट झालं. स्पिरिटच्या फडक्याने पुलीची आतली तोंडं पुसली, चिकटलेला रबराचा काळा थर भांडी घासायच्या हिरव्या घासणीने काढला. हो, तीच, आपल्या ओट्यावरची. सँडपेपर नाही, त्याने चरे पडतात. बेल्टच्या चकाकणाऱ्या कडाही तिनेच हलक्या घासल्या. पुली उघडून बेल्ट बसवताना वरची अक्षरं पूर्वीच्याच दिशेला वाचता येतील असा ठेवला, कारण बेल्टला फिरायची एक दिशा लागून गेलेली असते. आणि बसवला तो कोरा नव्हे, तोच घसरलेला. मला आधी कळेना. मग उमजलं: दुरुस्ती खरी की नाही हे बघायला शेवटचा चांगला बेल्ट पणाला लावायचा नव्हता.

पत्रा लावूनच इंजिन सुरू केलं. उघड्या पुलीसमोर इंजिन चालवायचं नाही. फुटलेला बेल्ट गोफणीसारखा येतो. आणि बेल्ट काढलेला असताना तर रेस अजिबात द्यायची नाही, भार नसलेली पुली सुसाट फिरून फुटू शकते. तीनशे मीटर चालवून आणली. पुन्हा हात लावला. कोमट. मित्राच्या बायकोला वाटाड्यांनी आपल्या गाडीवर घेतलं, म्हणजे त्या गाडीवरचा भार निम्मा झाला, आणि आम्ही अंधारात दिव्यांची रांग करून निघालो. हळूही नाही, फार जोरातही नाही. भुसभुशीत बर्फात रेंगाळत, सारखी रेस देत-सोडत जाणं बेल्टला सगळ्यात जास्त तापवतं. एका संथ, सलग वेगाने गेलं तर तो निवांत राहतो.

सव्वासहाला रिलेची चिमणी दिसली. वाटाण्याचं सूप मिळालं, तिथलं पारंपरिक, पण त्यात डुकराचं मांस होतं. मग भाच्यासाठी चीज आणि पाव, वर इंदूरची लवंग सेव. सेव त्याने सगळ्या टेबलांवर वाटली. एक आजी डोळ्यांत पाणी येऊनही तीनदा मागायला आल्या.

जेवणानंतर वाटाड्यांनी कोरा बेल्ट काढला आणि कोमट साबणाच्या पाण्यात धुतला. भाच्याला हसू आवरेना, "बेल्टला अंघोळ?" पण कारण आहे. साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात लावलेला बुळबुळीत थर नव्या बेल्टवर राहतो. धुऊन, पूर्ण वाळवून मग बसवायचा आणि पहिले पन्नासेक किलोमीटर गाडी जपून चालवायची. शेगडीपासून हातभर दूर तो खुंटीला टांगला, सोवळ्यासारखा.

रिलेवर वायफाय होतं. भाच्याने आजोबांना फक्त एक फोटो पाठवला, दुरुस्तीच्या आधीचा, बेल्ट खोल बसलेल्या पुलीचा. काही लिहिलं नाही. आमचे सात वाजले होते, इंदूरला पहाटेचे साडेपाच. बाबा फिरायला निघायच्या बेतात असणार. दोन मिनिटांत फोन आला.

"मागची पुली मिटत नाहीये. मध्ये काय अडकलंय?"

भाच्याने फोनच वाटाड्यांसमोर धरला. एकाला मराठी-हिंदी येतं, दुसऱ्याला फ्रेंच. बाबांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरून जवळ आणले, लांब नेले. वाटाड्यांनी मान डोलावली आणि खिशातून तो तंतूंचा गुंता काढून दाखवला. बाबा म्हणाले, "त्यांना विचार, मागची स्प्रिंग बघितली का? गरम होऊन तिचा जोर जातो." मी भाषांतर केलं. वाटाडे म्हणाले, सकाळी उजेडात बघणार आहे. खरंच बघितली. ठीक होती.

यातलं कोणाला उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्यापैकी बरेच जण गुलमर्गला जातात, तिथे स्नोमोबाईलवर बसतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपेक्षा पावपट कमी भरते. अशी गाडी मंद वाटली तर लगेच बेल्टला दोष देऊ नका. इंजिनाचे फेरेच वर चढत नसतील तर प्रश्न हवेचा, इंधनाचा किंवा पुलीतल्या वजनांचा. फेरे चढतात आणि गाडी मागे राहते, तेव्हा घसरण. दोन्हींत गाडी मंदच वाटते, पण कान दिला तर फरक कळतो. गाडी सुरू करताना जागची गचका खाऊन हलत असेल किंवा उभी असताना सरकू बघत असेल, तर बेल्ट घट्ट आहे. आणि रबराचा वास आला की चालवणाऱ्याला थांबवा, तो कितीही 'कुछ नहीं साहब' म्हणाला तरी. स्कूटरवरही हेच. तुमच्या घरातल्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असाच बेल्ट आहे, आणि शेवटचा कधी बदलला हे दहातल्या नऊ घरांत कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी भुतांच्या दरीत गेलो. उद्यानाची पट्ट्यांवर चालणारी बंद गाडी वर सोडते, पुढे बर्फाचे जाळीदार बूट घालून चालायचं. फोटो सोबत जोडलेत, वर्णन करत बसत नाही. परतताना सागनेच्या एका उपसागरावर गेलो, त्याचं अधिकृत नाव 'हा! हा!' आहे, उद्गारचिन्हांसकट. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्यावर मासेमारीच्या रंगीत झोपड्यांचं गावच वसतं. भाच्याने पाटीखाली उभं राहून दहा सेल्फी काढले.

गाड्या परत करताना दुकानात तोच मुलगा होता. वाटाड्यांनी एक शब्द न बोलता तो काळा गुंता काउंटरवर ठेवला. मुलाने उचलला, उलटसुलट पाहिला, कान लाल झाले. मग त्याने गाड्यांची वही काढली आणि त्या दिवशी बेल्ट तुटून आलेली आणखी एक गाडी बाहेर उभी होती, तिचा डावा पत्रा उघडायला गेला.